एकसष्टावी चकती

तिला सगळे चकतीबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. नाव ठेवलं होतं विद्यार्थ्यांनी, पण पुढे विभागप्रमुखही विसरून तेच म्हणायला लागले. सव्वीस वर्षं ती एका संशोधन संस्थेत उंदरांच्या पायातल्या स्नायूच्या चकत्या कापत होती. केसाच्या जाडीचे सात-आठ भाग केले तर एक भाग जेवढा पातळ होईल तेवढी एक चकती. आणि सव्वीस वर्षं कागदावर ती होती 'मदतनीस, पिंजरे विभाग'.

हातातलं काम आणि कागदावरचं काम यांच्यात असली फट सापडली की लोक माझ्याकडे येतात. मी कामगारांचे अर्ज घेऊन उंबरे झिजवणारा माणूस. सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण सेवानियमांची पुस्तिका मला वकिलापेक्षा बरी येते. बाई मात्र स्वतःहून आली नाही. पिंजरे धुणाऱ्या अकरा बायकांनी तिला धरून आणली होती. ती खुर्चीच्या कडेवर बसली, खांदा दाबत.

"काय दुखतंय?" मी विचारलं.

"खांदा. त्याचं काय एवढं. तुम्ही फॉर्म काढा, मला दोनच्या आत परत जायचंय. स्नायू गोठवून ठेवलाय."

त्या वर्षी नवा नियम आला होता. सुरक्षेच्या नावाखाली गोठवणाऱ्या यंत्राच्या खोलीत फक्त तंत्रज्ञांनी जायचं, मदतनिसांनी मूळ विभागात परत जायचं. म्हणजे बाईने पातं खाली ठेवायचं आणि छप्पन्नाव्या वर्षी लोखंडी पिंजरे उचलायला जायचं. तिथे गेली तर तो खांदा वर्षभरही टिकणार नाही हे डॉक्टरने सांगितलेलं. एकच वाट उरलेली होती. चाचणी देऊन तंत्रज्ञ म्हणून नोंद करून घ्यायची.

मी तिला म्हटलं, "मला आधी समजू दे तू करतेस काय. नाहीतर मी समितीपुढे काय बोलू?"

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"आं?"

"मिटा हो. आता नाकाला बोट लावा."

लावलं.

"न बघता नाक कुठंय ते कसं कळलं?"

"माझं नाक आहे बाई. मला नाही कळणार तर कोणाला?"

"नाकाचं सोडा, हाताचं सांगा. हात कुठंय हे डोळे मिटून कसं कळलं?" मी मिटल्या डोळ्यांनी परत नाकाला बोट लावून बघितलं. तिला मजा वाटली असावी. "प्रत्येक स्नायूत बारीक चात्या असतात, पुढारी. सूतकताईची असते ना, तशी. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर. आत चार-सहा धागे. स्नायू ताणला की चाती ताणली जाते आणि मज्जातंतूतून वर खबर जाते, इतका ताणलाय म्हणून."

"म्हणजे खबऱ्या."

"खबऱ्याच. खबर नेणारा मज्जातंतू मधोमध धाग्यांना वेटोळं घालून बसतो. हुकूम घेऊन येणारा वेगळा, तो टोकांकडे चिकटतो. कोणता मज्जातंतू कोणत्या धाग्याला जातो, ते सरांना हवं असतं. पण धागे सगळे दिसायला सारखे. म्हणून रंगवायचे."

मग तिने रंगाचं सांगितलं. धाग्याच्या आत एक एन्झाइम असतं, स्नायूला ताकद मोडून देणारं. काही धाग्यांतलं एन्झाइम आम्लात बुडवलं की मरतं, काहींतलं तगून राहतं. जिथे तगतं तिथे शेवटी काळपट तपकिरी रंग चढतो, मेलं तिथे धागा फिका. अल्कलीत बुडवलं की उलटा हिशेब. दोन्ही ताडून बघितलं की कळतं कोण पोतडीवाला आणि कोण साखळीवाला. पोतडीवाल्याच्या पोटात केंद्रकं गाठोड्यासारखी कोंबलेली, साखळीवाल्याची एकामागे एक रांगेत. आम्ल जरा कडक झालं तर सगळेच मरतात, जरा सौम्य झालं तर सगळेच तगतात. काटा इकडचा तिकडे झाला की दिवस वाया.

हे सगळं तिला कोणी वर्गात शिकवलेलं नव्हतं. ती तिथे पिंजरे धुवायलाच लागली होती. यंत्रावर तेव्हा एक म्हातारा तंत्रज्ञ होता, जाड भिंगांचा, तिरसट. त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा त्याने बादली घेऊन चाललेल्या बाईला हाक मारली आणि म्हणाला, ए, इकडे ये, श्वास धरता येतो का? तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण त्या कामात श्वास धरणं हीच पहिली पायरी. गोठवणाऱ्या यंत्राच्या पेटीत उणे वीस अंश, पात्यावरून चकती सुटते, ती कुंचल्याच्या एका केसावर तोलायची आणि काच जवळ नेली की ती उडी मारून काचेला चिकटते. त्या क्षणी कोणाचा गरम श्वास आत गेला की चकती गुंडाळते किंवा वितळते. गेली म्हणजे गेली. स्नायूचा तो भाग जगात दुसरीकडे कुठे नसतो.

म्हाताऱ्याने तिला दुसरी गोष्ट शिकवली ती रिकाम्या जागेची. चकत्या क्रमाने लावायच्या. पहिली पहिल्या काचेवर, दुसरी दुसऱ्या, तिसरी तिसऱ्या, चौथी परत पहिल्या. एक काच आम्लाला, एक अल्कलीला, एक मज्जातंतूंच्या रंगाला. मधली एखादी चकती वाया गेली तर तिची जागा काचेवर रिकामी सोडायची आणि पेन्सिलने खाली आकडा लिहायचा. पुढची सरकवून भोक बुजवायचं नाही. तरुणपणी म्हाताऱ्याने स्वतः एकदा सरकवली होती. एका विद्यार्थ्याने त्या काचांवरून दोन वर्षं भलताच धागा भलत्या मज्जातंतूला जोडला. शेवटी कळलं तेव्हा तो विद्यार्थी रडला नाही, भांडलाही नाही, विषय बदलून निघून गेला. म्हातारा म्हणायचा, भांडला असता तर बरं झालं असतं.

बाईच्या घरी मी दोनदा गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, नवरा शिंपी, मोतीबिंदूने मशीन बंद केलेलं. शेवटच्या रंगाला कुजक्या अंड्याचा वास असतो, म्हणून तिचे कामाचे कपडे गॅलरीत वेगळ्या खुंटीला. सून म्हणाली, "आत्याबाई आल्या की आधी वास येतो, मग आत्याबाई." बाई म्हणाली, "त्या वासावर तुझं लग्न झालंय, विसरू नकोस." नवरा हसत होता. मग त्याने हळूच विचारलं, "भाऊ, होईल ना हो हिचं? पिंजऱ्यांवर गेली तर ही घरात येऊन बोलणार नाही. मला माहितीये ना." मी होईल म्हटलं. असं म्हणायची मला सवय आहे.

चाचणी ठरली. एका चातीच्या सलग शंभर चकत्या, तीन रंगांत, साडेचार तासांत कापून पूर्ण करायच्या. रंगवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी समितीपुढे तोंडी प्रश्न. समितीत तिघे. विभागप्रमुख, प्रशासनाचे एक साहेब, आणि दुसऱ्या संस्थेतून आलेल्या एक बाहेरच्या परीक्षक, वयस्कर बाई, मान पुढे झुकलेल्या, सूक्ष्मदर्शकात आयुष्य गेलं की होते तशी.

कापायच्या दिवशी मी बाहेर जिन्यात बसून होतो. आत जायची मला परवानगी नव्हती. चहाच्या सुट्टीला पर्यवेक्षक बाहेर आला, लेखनिकाशी हसत बोलताना मी ऐकलं की घड्याळ त्याने नऊ वाजता लावलं. पण यंत्र पुरेसं गार व्हायलाच पावणेदहा झाले होते, तोवर बाई माझ्याशेजारीच जिन्यात बसून होती. म्हणजे बाईचा पाऊण तास हवेत गेला. नियमात स्पष्ट लिहिलंय, यंत्र तापमानाला आल्यापासून वेळ धरायची. कलम मला पाठ होतं. डोक्यात राख घालून घेतली मी आणि पर्यवेक्षकाच्या मागोमाग दार ढकलून आत शिरलो.

"हे घड्याळ कोणाच्या बापाचं आहे?" हे माझं पहिलं वाक्य.

तो म्हणाला, "तुम्ही आधी बाहेर व्हा."

मी बाहेर होण्याऐवजी पुढे गेलो, यंत्राला वळसा घालून, आणि कलम क्रमांक सांगत त्याच्यावर ओरडलो. आमच्या दोघांच्या मध्ये ती पेटी होती, झाकण उघडं, बाई आत वाकलेली, कुंचला हातात. तिने मान वर केली नाही. फक्त डावा हात उचलून तळवा माझ्याकडे केला, थांबा, म्हणून. मी थांबलो तोवर वेळ गेली होती. मुद्दा माझा बरोबर होता, तोंड चुकीच्या जागी होतं.

पर्यवेक्षकाने वेळ दुरुस्त केली. मी जिंकून जिन्यात येऊन बसलो आणि बिडी पेटवली. काय घडलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तोंडी परीक्षेला प्रतिनिधी म्हणून मला कोपऱ्यात बसू दिलं होतं, न बोलण्याच्या अटीवर. परीक्षक बाई बराच वेळ काचा बघत राहिल्या.

"आम्लाच्या काचेवर इथे जागा रिकामी आहे," त्या म्हणाल्या.

"हो. एकसष्टावी गेली."

"कशाने गेली?"

चकतीबाईने माझ्याकडे बघितलंही नाही. "गुंडाळली," ती म्हणाली.

तेव्हा मला समजलं. माझ्या ओरडण्याचा गरम श्वास पेटीत गेला होता. पण न बोलण्याची अट होती, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ती अट मला सोयीची वाटली.

परीक्षक बाई म्हणाल्या, "अठ्ठावन्नवर एकच धागा गडद आहे. चौसष्टवर दोन गडद दिसतात. दुसरा आला कुठून?"

"आला नाही, तो आधीपासून आहे. अल्कलीच्या आणि मज्जातंतूंच्या काचांवर तो प्रत्येक चकतीत सापडतो. एकच पोतडीवाला आहे तो. या टोकाकडे फिका, पुढे गडद. त्याचा रंग लांबीवर बदलतो."

"बरोबर. हळूहळू बदलला की एकदम?"

"सांगता येत नाही."

विभागप्रमुख पुढे झुकले. "म्हणजे काय? तंत्रज्ञाला हे सांगता आलं पाहिजे. हुकमाचा मज्जातंतू तिथेच चिकटलाय. बदल एकदम असेल तर त्याचा अर्थ वेगळा, हळूहळू असेल तर वेगळा."

"हो सर. ते एकसष्टवर दिसलं असतं."

"तुमचा अंदाज काय?"

"अंदाज मी काचेवर लावत नाही, सर."

प्रशासनाचे साहेब हसले. मला वाटलं कौतुकाने हसले. पण निकाल तिसऱ्या दिवशी लागला तो असा. मालिका सलग नाही, उमेदवाराने मुख्य प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, दोन विरुद्ध एक मतांनी अनुत्तीर्ण. एक मत कोणाचं ते सांगायला नको. परीक्षक बाईंनी खाली हाताने एक ओळ लिहिली होती, की उत्तर देता येत नाही हेच बरोबर उत्तर होतं. त्या ओळीला नियमात घर नव्हतं.

बाई पुढच्या सोमवारी पिंजऱ्यांवर गेली.

मी तिला तिथे भेटायला गेलो. लांबट खोली, छताला पंखा, पिंजऱ्यांच्या चार ओळी, ओल्या भुश्शाचा वास. ती एका हाताने पिंजरा ओढत होती, दुसरा हात पोटाशी धरलेला.

"तू बोलली का नाहीस?" मी म्हटलं. "माझ्या ओरडण्याने गेली, एवढंच सांगायचं होतं. लगेच फेरचाचणी मिळाली असती."

"आणि तुम्हाला फाटकाबाहेर काढलं असतं. परवानगीशिवाय आत शिरलात, चाचणी बिघडवली. ते वाटच बघतायत तुमच्यावर काही लावायला." तिने पिंजरा खाली ठेवला. "या अकरा जणींच्या पाळ्यांचा अर्ज अडकलाय ना तुमच्याकडे? त्याचं कोणी बघायचं मग, माझ्या नवऱ्याने?"

"माझ्यासाठी गप्प बसलीस?"

"तुमच्यासाठी कशाला बसू? इतकं स्वतःला समजू नका, पुढारी. सरका, पाणी सोडायचंय."

नऊ दिवस लागले मला. हे मी लपवत नाही. संघटनेतले दोघे-तिघे म्हणाले, लिहून देऊ नकोस, स्वतःच्या सहीने स्वतःचा गळा कापायचा का, दुसरं कारण शोध, यंत्र जुनं आहे म्हण. यंत्र खरंच जुनं होतं. मी तसा एक मसुदा लिहिलाही, चांगला जोरकस. पण यंत्र जुनं म्हणून चकती गेली असं लिहिणं म्हणजे पुढची सरकवून जागा बुजवणंच झालं. दहाव्या दिवशी दुसरा अर्ज लिहिला. चाचणीच्या वेळी मी परवानगी नसताना आत शिरलो, उघड्या यंत्रावर ओरडलो, त्यामुळे चकती क्रमांक एकसष्ट नष्ट झाली, उमेदवाराचा दोष नाही. इतक्या अर्जांखाली सह्या केल्या, पण त्या सहीला हात जड झाला होता.

फेरचाचणी मंजूर झाली. त्याच पत्राची दुसरी प्रत फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे गेली. या इसमास आवारात प्रवेश नाही.

बाईला कळलं तेव्हा ती संध्याकाळी सरळ माझ्या खोलीवर आली, चपला न काढता दारात उभी राहिली.

"कोणी सांगितलं होतं हे करायला?"

"कोणी नाही."

"त्या अकरा जणींना विचारलंत?"

नव्हतं विचारलं. तिच्या मौनाला मी एकटीचं मौन समजत होतो. ते तोंडी परीक्षेआधीच बारा जणींनी मिळून ठरवलेलं होतं, पिंजऱ्यांमागे डबा खाताना. माझं प्रायश्चित्त त्यांच्या अर्जाच्या डोक्यावर बसलं होतं. मी काही बोलायला गेलो तर ती म्हणाली, "राहू द्या आता. दमलेय मी. पाण्याचा तांब्या द्या आणि तो अर्ज कसा पुढे न्यायचा ते नीट सांगा. आमच्यातली एक लिहून घेईल."

ती एक म्हणजे सगळ्यांत कमी बोलणारी, उंच, पान खाणारी. ती दुसऱ्या दिवसापासून फाटकाबाहेर येऊन माझ्याकडून कलमं लिहून नेई आणि आत जाऊन साहेबांपुढे उभी राही. माझ्यापेक्षा कमी ओरडायची, त्यामुळे तिला लवकर बाहेर काढत नसत. पाळ्यांचं काम मार्गी लागलं, थोडंफार. हे श्रेय माझं नाही.

फेरचाचणीला साडेपाच महिने लागले. तोवर बाई पिंजरेच उचलत होती. बोटांना भेगा, मनगट सुजलेलं. सून सांगायची की आत्याबाई भात कालवताना हात बदलतात. शिंपी नवरा अंधुक डोळ्यांनी तिच्या खांद्याला तेल चोळायचा आणि खरंच, ती घरी बोलेनाशी झाली होती. मला भेटली की मात्र बोलायची. "माझ्याच चात्या बिघडल्यात आता," म्हणायची. "हात कुठंय ते बघितल्याशिवाय कळत नाही."

फेरचाचणीच्या दिवशी मी रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर बसलो. सकाळी नवापासून. वेळेची मुदत या वेळी काढून टाकली होती, तेवढं परीक्षक बाईंनी पत्र लिहून करून घेतलं होतं. रंगवणं आणि तोंडी प्रश्न पुढच्या दिवशी, म्हणून मी पुढच्या दिवशीही येऊन बसलो. समोर फाटक, पहारेकरी अधूनमधून माझ्याकडे बघायचा. एकदा त्याने हात हलवला. त्याच्या भावाचं काम मी केलं होतं कधीतरी.

अडीच वाजता ती बाहेर आली. रस्ता ओलांडताना दोनदा थांबली. येऊन बाकावर बसली. मी विचारलं नाही. मला शिकायला वेळ लागतो, पण शिकतो.

"झालं," ती म्हणाली. "तिघांच्या सह्या झाल्या. तंत्रज्ञ."

"शंभर?"

"शंभर."

"मग चेहरा असा का?"

"पूर्वी मी शंभर चार तासांत कापायचे. काल सात लागले. तीन ठिकाणी वाटलं, आता गेली. गेली नाही, पण ती माझ्या हाताने राहिली की नशिबाने, मला कळलं नाही." तिने मनगट उलटं करून बघितलं. "सर म्हणाले अभिनंदन. आणि म्हणाले, साडेपाच महिन्यांचे स्नायू साठलेत फ्रीजरमध्ये, सोमवारी सुरू करा."

"किती आहेत?"

"मोजले नाहीत. वरचा खण भरलाय, खालचाही भरलाय."

"नोकरी किती उरली?"

"तीन वर्षं."

मला भाषण करायची हुक्की आली होती. सव्वीस वर्षांनंतर कागदाने हाताची बरोबरी केली तेव्हा हात थकला होता, असं काहीतरी. तिने डोळे मिटले होते, म्हणून मी ते गिळलं.

"घरी कळवू का?" मी म्हटलं. "त्यांना फोन करतो."

"करा. सांगा झालं म्हणून. सात तासांचं सांगू नका."

मी शिंप्याला फोन लावला. त्याने दोनदा विचारलं, खरंच ना, मग पलीकडे सुनेला हाक मारल्याचं ऐकू आलं. बस आली. दारापर्यंत माणसं उभी होती. बाईने डोळे उघडून बसकडे बघितलं, उठायचा विचार केला आणि सोडून दिला.

"पुढची घेऊ," ती म्हणाली.

पुढचीही भरलेलीच आली. आम्ही बसून राहिलो.